लेझर एनग्रेव्हर घेताय? आधी घराचं अर्थिंग बघा

अमळनेरला आमच्या घरी लेझर एनग्रेव्हर, म्हणजे लेझरच्या किरणानं कोरणारं आणि कापणारं यंत्र आलं, त्याच्या तिसऱ्याच दिवशी शेजारच्या आजी स्टीलचं ताट घेऊन दारात उभ्या. “भाऊ, ताटवर नाव टाकी देशी का?” मागोमाग कोणी तांब्याचा लोटा आणला, कोणी पितळेची समई. त्या आठवड्यात मी जितक्या वेळा “नाही” म्हटलं, तितक्या वेळा आधी स्वतःला विचारायला हवं होतं की हे यंत्र आपण नेमकं कशावर चालवणार. तो प्रश्न मी पैसे भरल्यावर विचारला. तुम्ही आधी विचारा.

घरगुती छंदासाठी जी स्वस्त यंत्रं चीनमधून येतात ती बहुतेक डायोड लेझरची असतात. त्यांचा प्रकाश निळा, साधारण ४४५ ते ४५५ नॅनोमीटरचा. जो पदार्थ हा निळा प्रकाश पिऊन घेतो तो जळतो, जो आरपार जाऊ देतो तो तसाच राहतो. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड), बांबू, पुठ्ठा, कातडं, काळं किंवा लाल ॲक्रिलिक हे सगळं चालतं. पारदर्शक ॲक्रिलिक मात्र काचेसारखं वागतं: किरण त्यातून सरळ खाली जातो आणि खालचं टेबल जाळतो. तांबं-पितळ उष्णता इतक्या झपाट्यानं पसरवतं की १० वॅटचा ठिपका तिथं काहीच करू शकत नाही. स्टीलवर १० वॅटनं सावकाश फिरवलं तर काळसर अक्षर उमटतं, पण तो वरवरचा ऑक्साइडचा थर असतो. रोज घासणीखाली जाणाऱ्या ताटाला भांड्याच्या दुकानातली टोचणीच बरी, हे मी आजींना प्रामाणिकपणे सांगितलं.

दुसरा प्रकार सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरचा, लोकांच्या तोंडी ‘के-४०’. तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, पारदर्शक ॲक्रिलिक लोण्यासारखं कापतं, काचेवर छान उमटतं. पण त्याची काचेची नळी पाण्यानं थंड ठेवावी लागते आणि ते पाणी २५ अंशांच्या आत हवं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीलाही सोसत नाही. बर्फाच्या बाटल्या टाकत बसायचं नसेल तर पाणी थंड करणारा चिलर घ्यावा लागतो, आणि मग स्वस्त यंत्र स्वस्त राहत नाही. शिवाय नळीला हजारो व्होल्टचा पुरवठा असतो, तिथं चूक माफ होत नाही. तिसरा प्रकार १०६४ नॅनोमीटरचा, धातूसाठीचा. सराफी कामाला तो लागतो, पण तो छंदाच्या खिशातला नाही.

लाकडाच्या पाट्या, रुखवतातल्या वस्तू, पोळपाट, किचेन, शाळेचे प्रकल्प असं डोक्यात असेल तर १० वॅटचा डायोड पुरतो. ५ वॅटवर कोरीव काम होतं, पण ३ मिलिमीटरचा प्लाय कापताना जीव जातो. २० वॅटला कापणं सोपं, मात्र त्यात चार डायोडचे किरण एकत्र केलेले असतात, त्यामुळे ठिपका थोडा जाड पडतो आणि बारीक फोटो कोरताना ते जाणवतं. माझं मत विचाराल तर पहिलं यंत्र १० वॅटचंच घ्या.

आणि वॅट म्हणजे कोणते वॅट ते नीट वाचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘४० वॅट’ किंवा ‘८० वॅट’ लिहिलेलं असतं, ती बऱ्याचदा यंत्र ओढतं ती वीज असते. आपल्याला हवी ती प्रकाशाची शक्ती, म्हणजे ‘ऑप्टिकल आउटपुट’. ती कुठेच लिहिलेली नसेल तर पान बंद करा.

बाहेरून मागवायचं की इथंच घ्यायचं?

नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसच्या ॲपवर आपल्याकडे बंदी आली. त्यामुळे आता दोन वाटा उरतात: परदेशी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट मागवणं, किंवा भारतातल्या आयातदाराकडून जीएसटी बिलासह घेणं.

थेट मागवलं तर पडद्यावरच्या किमतीवर भुलू नका. कस्टम्स शुल्क वस्तूच्या किमतीवर, वाहतूक आणि विमा धरून लागतं. त्या मूळ शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. दर बजेटगणिक बदलतात म्हणून मागवायच्या दिवशी ताजे बघा, पण हिशोबाची रीत हीच. समजा वाहतुकीसह किंमत ३०,००० रुपये, मूळ शुल्क २० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरला. शुल्क ६,०००, अधिभार ६००, मग ३६,६०० वर आयजीएसटी ६,५८८. म्हणजे १३,१८८ रुपये वरून, आणि कुरियरवाल्याचं हाताळणी शुल्क वेगळं. ३०,००० चं यंत्र दारात येईपर्यंत ४३,००० च्या वर गेलं.

स्वतःच्या वापरासाठी एखादं यंत्र मागवायला आयात-निर्यात परवान्याचा क्रमांक लागत नाही, पण कुरियर कंपनी केवायसी मागते. त्यांचा ईमेल स्पॅममध्ये पडला तर पार्सल तिकडेच बसून राहतं. विक्रेता “किंमत कमी दाखवतो” म्हणाला तर नको म्हणा. माल अडकला तर उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत, त्याला नाही.

मी पहिल्यांदा थेट मागवलं. खोक्यात एक पट्टी वाकलेली निघाली. विक्रेत्यानं बदली पट्टी पाठवायचं कबूल केलं आणि ती यायला दीड महिना गेला. तेवढे दिवस यंत्र कॉटखाली. आता कोणी विचारलं तर मी सांगतो की फरक पाच-सात हजारांचा असेल तर इथल्या आयातदाराकडूनच घ्या. बिलावर वॉरंटी कोण देणार आणि लेझरचं डोकं, म्हणजे मॉड्यूल, बिघडलं तर सुटं मिळेल का, हे दोन प्रश्न फोन करून विचारा. मॉड्यूल हाच महागडा आणि झिजणारा भाग. बाकी बेल्ट, चाकं, मोटरी थ्रीडी प्रिंटरच्याच असतात, कुठेही मिळतात.

पार्सल कोणाकडूनही येवो, खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. खोक्यावरचा पत्ता दिसण्यापासून सुरुवात करा.

यंत्र यायच्या आधीची तयारी

हा भाग लोक टाळतात, म्हणून इथं जरा थांबतो.

पहिलं अर्थिंग. आपल्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अशा घरात यंत्राच्या ॲल्युमिनियम चौकटीला हात लावला की मुंग्या येतात आणि काम अर्ध्यात असताना यूएसबीचा संपर्क तुटतो. लोक केबल बदलतात, लॅपटॉप बदलतात, सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. दोष भिंतीत असतो. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावायला सांगा. तो फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख पेटला पाहिजे. मग मीटरनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा तपासायला हवा. मीठ-कोळशाचा जुना खड्डा उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो, आपली काळी जमीन तर भेगाळते. आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतणं ही आमच्या वडिलांची सवय मला तेव्हा चमत्कारिक वाटायची.

वीज जाण्याचाही विचार करा. डायोडचं यंत्र जेमतेम १०० वॅटच्या आसपास ओढतं, त्यामुळे संगणकाचा ६०० व्हीएचा साधा यूपीएस काही मिनिटं तगतो. हे महत्त्वाचं का, तर वीज गेली की यंत्राला आपण कुठे होतो हे आठवत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू, यंत्र बंद, आणि दोन तासांचं कोरीव काम भंगारात.

दुसरं, धूर. कपाशीच्या काड्यांवर भरिताचं वांगं भाजतानाचा धूर आपल्याला प्यारा असतो, पण एमडीएफचा धूर त्या जातीचा नव्हे. त्यात चिकटवलेल्या रेझिनचे वायू असतात, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. यंत्राभोवती बंद पेटी हवी. तयार पेट्या मिळतात, पण गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पातळ पत्र्याची पेटी, वर उघडणारं झाकण आणि मागे चार किंवा सहा इंची पाइपचं तोंड करून घेतलं तर स्वस्तात आणि भक्कम होतं. पाइपात इनलाइन पंखा बसवा आणि तोंड खिडकीबाहेर काढा, शेजाऱ्यांच्या खिडकीत नव्हे. कूलर चालू असेल तर त्याची हवा सरळ यंत्रावर येऊ देऊ नका. दमट हवेनं लेन्सवर धूर चिकटतो आणि ठिणगी लागलीच तर तो वारा ती फुलवतो.

यंत्राखाली लाकडी टेबल असेल तर पत्रा टाकाच, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. लाकूड थोडं उचललेलं राहिलं की खालून धूर निघतो आणि मागची बाजू काळी पडत नाही. हाताशी पाण्याची फवारणी बाटली आणि एबीसी पावडरचं छोटं अग्निशामक ठेवा. आणि चालू यंत्र सोडून चहाला जाऊ नका. मी गेलो होतो. परत आलो तर पुठ्ठ्याच्या कडेवर बोटभर ज्योत नाचत होती.

तिसरं, डोळे. ही यंत्रं चौथ्या वर्गाच्या लेझरची, म्हणजे नुसतं भिंतीवरून परतलेलं किरणही डोळ्याला इजा करू शकतं. खोक्यात येणाऱ्या हिरव्या प्लॅस्टिकच्या चष्म्यावर विसंबू नका. चष्म्यावर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडीचा, म्हणजे काच प्रकाश किती अडवते त्याचा आकडा छापलेला हवा, ४४५ ते ४५५ नॅनोमीटरला किमान ओडी ५, म्हणजे लाखातला एक भाग आत येतो. काळा गॉगल चालत नाही. स्टीलवर काम करताना तर पेटी बंदच ठेवा, चकचकीत पत्रा आरसा असतो.

काय कधीच जाळायचं नाही तेही आत्ताच सांगतो. रेक्झिन आणि बहुतेक नकली कातडं पीव्हीसीचं असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो फुप्फुसं आणि यंत्राचं लोखंड दोन्ही खातो. फ्लेक्सचा तुकडाही त्याच वर्गातला. एबीएस प्लॅस्टिकमधून सायनाइडचे वायू निघतात. कातडं घ्यायचं तर वनस्पती-कमावलेलं, क्रोमचं नको.

जोडणी

जोडणीला दोन तास पुरतात, पण घाई केली की नंतर महिनाभर गोल वस्तू अंडाकृती येतात. चौकट सपाट फरशीवर ठेवून चारही स्क्रू सैल ठेवा, दोन्ही कर्ण टेपनं मोजा, सारखे आल्यावरच आवळा. दोन मिलिमीटरचा फरकही चौकोनात दिसतो. मग चाकं. खालच्या चाकांच्या नटांचं भोक मध्यापासून सरकलेलं असतं, त्यामुळे नट फिरवला की चाक रुळाच्या जवळ-दूर होतं. पान्यानं फिरवत फिरवत अशा जागी आणा की चाक बोटानं दाबून फिरवता येतं, पण रुळावर डुगडुगत नाही. बेल्ट छेडला की तंबोऱ्याच्या तारेसारखा नको आणि साडीच्या काठासारखा लोंबताही नको. दोन्ही बाजूंचे बेल्ट सारखेच ताणलेले असले पाहिजेत, नाहीतर डोकं तिरकं चालतं.

हवेचा पंप सोबत आला नसेल तर घ्या. माशांच्या टाकीचा छोटा पंप इथं नावापुरता. मिनिटाला ३० लिटरच्या आसपास हवा देणारा घेतला की कापलेल्या कडा स्वच्छ येतात, ज्योत उठत नाही आणि लेन्स लवकर काळी पडत नाही. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

संगणक आणि पहिलं काम

यंत्राच्या बोर्डावर बहुधा जीआरबीएल हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा आतला प्रोग्राम असतो. विंडोजवर आधी सीएच-३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर टाका, तो नसेल तर पोर्टच दिसत नाही. लेझरजीआरबीएल हे फुकट सॉफ्टवेअर सुरुवातीला भरपूर आहे. त्यात यंत्राशी बोलण्याचा वेग (बॉड रेट) ११५२०० ठेवा. लाइटबर्न विकतचं, पण महिनाभर फुकट वापरता येतं, आणि काम वाढलं की घ्यावंच लागतं.

जोडल्याबरोबर कमांडच्या जागी $$ टाका. यंत्राच्या सगळ्या सेटिंग्जची यादी येते. ती कागदावर उतरवा किंवा फोटो काढा. पुढे काही बिघडवलंत तर हीच यादी वाचवते. $३२ समोर १ आहे ना पाहा, म्हणजे लेझर मोड चालू आहे. कोपऱ्यात डोकं मंदावतं तेव्हा शक्तीही आपोआप कमी व्हायला हवी, ती या मोडमध्ये एम-४ आज्ञेनं होते. नाहीतर प्रत्येक कोपरा कोळसा.

मग माप तपासा. १०० मिलिमीटरची रेघ मारायला सांगा आणि स्टीलच्या पट्टीनं मोजा. समजा ९८.६ भरली आणि $१०० मध्ये, म्हणजे एका मिलिमीटरला मोटरनं किती पावलं टाकायची त्या सेटिंगमध्ये, ८० लिहिलेलं आहे. ८० गुणिले १००, भागिले ९८.६, म्हणजे ८१.१४. तो आकडा भरा. आडव्या दिशेला $१००, उभ्या दिशेला $१०१.

फोकससाठी बहुतेक यंत्रांसोबत मापाचा तुकडा येतो. तो डोकं आणि लाकूड यांच्यात ठेवून स्क्रू आवळा. शंका असेल तर लाकडाची पट्टी एका बाजूनं उचलून तिच्यावर लांब रेघ मारा. जिथं रेघ सर्वांत बारीक, तिथली उंची खरी.

पहिलं काम पुठ्ठ्यावर नको, पुठ्ठा भडकतो. प्लायच्या तुकड्यावर चाचणीचं कोष्टक कोरा: आडवा वेग वाढत जाणारा, उभी शक्ती वाढत जाणारी. माझ्या १० वॅटच्या यंत्राला कोरण्यासाठी मिनिटाला ६,००० मिलिमीटर वेग आणि अर्धी शक्ती, आणि ३ मिलिमीटर प्लाय कापायला पूर्ण शक्ती, ३०० च्या आसपास वेग, दोन फेऱ्या असं बसलं. हे आकडे नुसते सुरुवातीला धरा. त्याच दुकानातून आणलेल्या पुढच्या शीटचा डिंक वेगळा निघतो आणि सगळं पुन्हा मोजावं लागतं. कोष्टकाचा तुकडा भिंतीवर खिळ्याला टांगा, मागे तारीख आणि दुकान लिहून.

वेळेचा अंदाज गिऱ्हाइकाला सांगायच्या आधी काढा. रेघांमधलं अंतर ०.१ मिलिमीटर धरलं तर १० सेंटिमीटर चौकोनाला १,००० रेघा. ६,००० चा वेग म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर, म्हणजे एका रेघेला एक सेकंद. हजार सेकंद, सतरा मिनिटं, शिवाय वळणांचा वेळ. फूटभर पाटी भरगच्च कोरायची तर दुपार जाते.

देवनागरीची गंमत

आता जे इंग्रजी व्हिडिओंत कोणी सांगत नाही ते. मी मामांच्या नव्या घरासाठी ‘मातृछाया’ ही पाटी कोरली. सागाची फळी, पॉलिश केलेली. झाली आणि बघतो तर शिरोरेषेत ठिकठिकाणी कोरे चौकोन, जणू उंदरानं कुरतडलेली. फळी वाया.

कारण साधं आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित चढते, म्हणून ती सलग दिसते. पण सॉफ्टवेअरला हे दोन बंद आकार एकमेकांवर आलेले दिसतात, आणि आकारात आकार म्हणजे भोक, असा त्याचा नियम. त्यामुळे जिथं दोन शिरोरेषा एकमेकींवर येतात तीच जागा ते सोडून देतं. उपाय: मजकूर इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लिहा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, गट सोडवा, मग सगळं निवडून ‘युनियन’. लाइटबर्नमध्ये हेच काम ‘वेल्ड’ करतं. एसव्हीजी फाइल म्हणून जतन करून मग लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये आणा. जोडाक्षरंही त्यामुळे शाबूत राहतात. डीटीपीवाल्याकडून जुन्या श्रीलिपीतली फाइल आणणार असाल तर त्यालाच ‘कर्व्ह’ करून द्यायला सांगा, नाहीतर तुमच्या संगणकावर भलतंच काही उघडतं.

फॉन्ट निवडताना आधी ‘ल’ आणि ‘श’ टाइप करून बघा. बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आणि पाटीवर ते लगेच खटकतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फुकट मिळतो. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ असलेलं आडनाव असेल तर तेही तपासा.

अक्षरं कापून काढायची असतील, म्हणजे भिंतीवर चिकटवायचं नाव, तर शिरोरेषा आपली मैत्रीण. सगळी अक्षरं ती एकत्र धरून ठेवते, इंग्रजीला ही सोय नाही. फक्त अनुस्वार सुटे पडतात. त्यांना दीड-दोन मिलिमीटरची बारीक काडी काढून शिरोरेषेला जोडा. रफार आणि उकार मुळाशी किती जाड आहेत तेही बघा, ३ मिलिमीटर प्लायमध्ये एक मिलिमीटरची मान पहिल्या पुसण्यातच मोडते.

कोरायच्या आधी फळीवर कागदी मास्किंग टेप लावा. धुराचे डाग टेपवर राहतात, आणि काम झाल्यावर टेप काढली की अक्षराभोवतीचं लाकूड कोरं निघतं. लग्नसराईत रुखवताची कामं आली तेव्हा या एका सवयीनं पॉलिश पेपरचे तास वाचले.

ऋतू आणि निगा

डायोडला उष्णता सोसत नाही. भोवतालचं तापमान ३५ ते ४० अंशांपर्यंतच ठीक, असं बहुतेक माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून किती जास्त असतं ते सांगायला नको. गरम डायोड कमी शक्ती देतो आणि लवकर म्हातारा होतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास मी सकाळी सहा ते नऊ एवढंच काम घेतो. पावसाळ्यात उलटी कथा: प्लाय ओल धरतो, कालपर्यंत दोन फेऱ्यांत कापला जाणारा आज चारमध्येही सुटत नाही. शीट आडवी, वजनाखाली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. उभी टेकवली की धनुष्य होते, आणि धनुष्यावर फोकस मिळत नाही.

लेन्सच्या संरक्षक काचेवर धूर बसला की शक्ती घटते आणि तुम्ही उगाच सेटिंग वाढवत बसता. एमडीएफ कापत असाल तर रोज, नाहीतर आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीनं हलकेच पुसा, यंत्र बंद करून आणि काच थंड झाल्यावर. वाळली की मगच सुरू करा.

कापूस वेचणीच्या दिवसांत गावभर तंतू उडत असतात. ते चाकांच्या खोबणीत आणि मोटरच्या दातऱ्यांत गुंडाळले जातात, मग डोकं मध्येच अडकून अक्षर एक मिलिमीटर सरकतं. दिवाळीनंतर दर रविवारी मी जुना दाताचा ब्रश घेऊन चारही चाकं साफ करतो आणि पंख्याची जाळी फुंकून काढतो. त्याच वेळी बेल्टही छेडून बघतो.